एका स्कीवर बसून

घाटात एसटी जोरात वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि पाय रोवून तोल सावरतो. आता ते पायच कामाचे नाहीत असं समजा. खाली बसची फरशी नाही, मधोमध तळहाताहूनही अरुंद असलेली एकच स्की आहे आणि समोर घट्ट गोठलेल्या बर्फाचा उतार. जपानची मोमोका मुराओका या उतारावर शर्यती जिंकते.

१९९७ साली सैतामा प्रांतात जन्मलेल्या मोमोकाला चार वर्षांची असताना ट्रान्सव्हर्स मायलायटिस झाला. या आजारात मज्जारज्जूला सूज येते आणि मेंदूने पायांना धाडलेले संदेश वाटेतच अडतात. तेव्हापासून ती व्हीलचेअर वापरते. स्की तिच्या हाती आली शाळेत असताना.

स्की दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक असते. ती कडेवर कलवली की वाकते आणि बर्फात कमान कोरत जाते. जितकी जास्त कलेल, तितकं वळण आवळत जातं. उभ्याने खेळणारा घोटे, गुडघे आणि खुबे वापरून ती कलवतो. मोमोकाला हे सगळं धडाने करावं लागतं. ताशी ७२ किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचं वळण घ्या: अंगावर वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. पोटाचे आणि पाठीचे स्नायू हा भार पेलत असतानाच नेमका कल साधायचा असतो.

म्हणूनच सिट-स्कीमध्ये, म्हणजे बसून खेळण्यासाठी आसन जोडलेल्या या स्कीमध्ये, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आसन. ते खेळाडूच्या अंगाबरहुकूम घडवतात. चांगल्या शिंप्याने बेतलेल्या कपड्यासारखं ते बसलं पाहिजे. बोटभर फट राहिली तरी धड आधी कलतं, स्की मागून, आणि शर्यत त्या उशिरात हातची जाते. आसनाखालचा शॉक अॅब्सॉर्बर गुडघ्यांचं काम करतो. तो फार कडक असला तर खडबडीत जागी स्की बर्फावरून उडते, फार मऊ असला तर कड उशिरा धरते. हातांतल्या आउटरिगरना, म्हणजे टोकाला छोटी स्की असलेल्या काठ्यांना, तोल सावरता येतो. वळणाचा भार मात्र त्या एकाच स्कीवर.

धडाची ताकद प्रत्येकाची वेगळी, म्हणून घड्याळातली वेळ जशीच्या तशी धरत नाहीत. खेळाडूच्या वर्गानुसार ठरलेल्या गुणकाने ती गुणतात. समजा गुणक ०.८५ असेल, तर ६० सेकंदांचे ५१ होतात. या हिशेबामुळेच कमी-अधिक अपंगत्व असलेले खेळाडू एकाच पदकासाठी झुंजू शकतात.

मोमोका १७ वर्षांची असताना, २०१४ च्या सोची पॅरालिम्पिकमध्ये उतरली आणि जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या फाटकांमधून वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीत, पाचवी आली. चार वर्षांनी प्योंगचांगला तिने उतारावरच्या स्कीइंगच्या पाचही प्रकारांत पदक मिळवलं, त्यात जायंट स्लॅलमचं सुवर्ण होतं. मग तिने व्हीलचेअर धावण्याकडे मोर्चा वळवला. कोविडमुळे टोकियोचं पॅरालिम्पिक वर्षभर पुढे गेलं, त्यामुळे ते आणि बीजिंगचं हिवाळी पॅरालिम्पिक यांमधलं अंतर अवघ्या सहा महिन्यांवर आलं. एवढ्या थोड्या वेळात ट्रॅकवरून पुन्हा बर्फावर जाऊन आसन, शॉक अॅब्सॉर्बर आणि धड यांची मोट बांधायची! सप्टेंबर २०२१ मध्ये टोकियोला ती १०० मीटर शर्यतीत सहावी आली. मार्च २०२२ मध्ये बीजिंगला तिने डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या शर्यती आणि जायंट स्लॅलम अशी तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि वर सुपर कंबाइंडचं, म्हणजे वेगाची आणि वळणांची अशा दोन फेऱ्या मिळून होणाऱ्या शर्यतीचं, एक रौप्य.