नवं विणकाम यंत्र आणि बाहेरचं भांडवल: कोकणातून अर्ज करताना कुठला कागद आधी

गाठ न मारता मासेमारीचं जाळं विणणारं यंत्र तुम्ही मिरजोळ्याच्या नाहीतर कुडाळच्या एमआयडीसीत, एखाद्या भाड्याच्या शेडमध्ये उभं केलंय. सुया धावतायत, एचडीपीई या प्लास्टिकचा धागा तुटत नाही, दहा मीटर जाळं बाहेर पडलंय. अशा वेळी हात आपोआप मोबाइलकडे जातो. व्हिडिओ काढायचा, गावच्या ग्रुपवर टाकायचा. तेवढं एक करू नका.

पेटंट कायदा (१९७०) नवं त्यालाच म्हणतो, जे अर्जाच्या तारखेआधी लोकांसमोर आलेलं नाही. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला बारा महिन्यांची सवलत आहे, पण ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं असावं लागतं. तालुक्याच्या महोत्सवातला स्टॉल त्यात बसत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने अर्जाच्या पाच आठवडे आधी यंत्राचा व्हिडिओ टाकला होता. पुढे गुंतवणूकदाराच्या वकिलाने तोच शोधून काढला आणि बोलणी तिथेच थांबली.

म्हणून पहिला अर्ज पेटंटचा, तोही तात्पुरत्या तपशिलासह. हा ऑनलाइन भरता येतो, आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात. फॉर्म १ म्हणजे अर्ज आणि फॉर्म २ म्हणजे तपशील, सोबत आकृत्या. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन भरलात तर सरकारी फी १,६०० रुपये. स्टार्टअप किंवा लघुउद्योगाची सवलत घेताना फॉर्म २८ जोडावा लागतो. तारीख मिळाली की पूर्ण तपशील द्यायला बारा महिने असतात, ते चुकले तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. तपासणी आपोआप होत नाही, त्यासाठी फॉर्म १८ वेगळा भरायचा. २०२४ च्या नियमांनंतर त्याची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे, जुने लेख वाचून गाफील राहू नका.

तपशिलात ‘विणकामाचं यंत्र’ असा मोघम दावा टिकणार नाही. विल्यम लीने मोजे विणणारी चौकट १५८९ मध्ये केली, आणि बिनगाठीची जाळी विणणारी रॅशेल यंत्रं जगात केव्हाची चालतायत. तुमचं नेमकं वेगळं काय? धागे सुयांवर नेणारा गाईड बार फिरवण्याची पद्धत, धाग्याचा ताण सांभाळणारा भाग, की खाऱ्या हवेत न गंजणारी सुयांची बैठक? दावा तेवढ्याचाच. (त्या लीला एलिझाबेथ राणीने पेटंट नाकारलं, हाताने विणणाऱ्यांची भाकरी जाईल म्हणून, असं सांगतात. जाळी विणून चार पैसे मिळवणाऱ्या वाडीतल्या बायांचं काय, हे तुम्हालाही कोणीतरी विचारेलच.)

मालकीचा घोळ इथेच मिटवा. सुटे भाग वर्कशॉपवाल्याने बनवले असतील, आकृत्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने काढल्या असतील, तर हक्क तुमचे असल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या. पेटंट तुमच्या नावावर आणि धंदा कंपनीच्या नावावर असेल, तर तुमच्याकडून कंपनीकडे हस्तांतराचा करारही लागेल.

मग कंपनी. स्टार्टअप म्हणून डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग-व्यापार विभागाची) मान्यता हवी असेल तर एकट्याच्या मालकीची फर्म चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी चालते. मला विचाराल तर प्रायव्हेट लिमिटेडच करा, कारण एलएलपीला शेअर नसतात आणि गुंतवणूकदाराला शेअर हवे असतात. नोंदणी स्पाइस प्लस फॉर्मवर होते. आपल्याकडे अडतं ते पत्त्यावर. दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि जागामालकाची ना-हरकत लागते, आणि बिल येतं वारलेल्या आजोबांच्या नावाने. घराचं नाव बदलत बसण्यापेक्षा शेडमालकाशी रीतसर भाडेकरार करून तोच पत्ता देणं सोपं.

डीपीआयआयटीच्या अर्जाला फी नाही. नोंदणीला दहा वर्षं झालेली नसावीत आणि जुना धंदा फोडून नवी कंपनी काढलेली नसावी. यंत्रात नवं काय आहे यावर लिहायला जागा असते, तिथे पेटंट अर्जाचा क्रमांक द्या. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणीही फुकट आहे, मात्र एनआयसी कोड (धंद्याचा वर्ग सांगणारा आकडा) जपून निवडा. जाळी आणि दोरखंड बनवणाऱ्यांचा वर्ग १३९४, कापडउद्योगाची यंत्रं बनवणाऱ्यांचा २८२६. यंत्र विकणार असाल तर दुसरा, दोन्ही करणार असाल तर दोन्ही नोंदवा.

आता पैसे. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये ९४५ कोटींच्या तरतुदीने चार वर्षांसाठी आखली गेली. प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा रूपांतरणीय डिबेंचर (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे). अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको आणि भारतीय प्रवर्तकांचा वाटा किमान ५१ टक्के हवा. इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देऊन हा पैसा पोचवणाऱ्या संस्था, तीनपर्यंत निवडता येतात, आणि तिथे जाऊन बसण्याची सक्ती नाही, त्यामुळे जवळ इन्क्युबेटर नाही म्हणून रत्नागिरी सोडायची गरज नाही. शेड बांधायला हा पैसा वापरता येत नाही. अशा योजनांच्या खिडक्या उघडतात-मिटतात, तेव्हा फाइल करण्याआधी पोर्टलवर अर्ज चालू आहेत का ते बघा. हेच राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानातल्या ‘ग्रेट’ योजनेबद्दल, ज्यात ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. मासेमारीची जाळी तांत्रिक वस्त्रांच्या ‘अ‍ॅग्रोटेक’ गटात मोडतात, हे अर्जात आवर्जून लिहा.

खरी गोची पुढे आहे. जिल्हा उद्योग केंद्रात गेलात की बहुधा पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, सुचवतील. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान. योजना चांगली आहे, पण ती व्यक्तीसाठी आहे, कंपनीसाठी नव्हे. आणि केंद्र-राज्याच्या दुसऱ्या योजनेतून दहा लाखांवर आर्थिक मदत घेतलेल्या स्टार्टअपला सीड फंड मिळत नाही. तेव्हा जाळी विकायची असेल तर पीएमईजीपी, यंत्र विकायचं असेल तर कंपनी आणि सीड फंड, असं आधीच ठरवा.

बँकेचं कर्ज घेताना सातबारा पुढे करू नका, त्यावर मुंबईतल्या सतरा चुलत भावांची नावं असतात. सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या कर्जहमी निधीच्या हमीवर तारण न देता कर्ज मिळू शकतं. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा दहा कोटी आहे.

गुंतवणूकदार काय विचारतो? तासाला किती किलो जाळं, आसाचं (जाळ्याच्या भोकाचं) माप किती सरकतं, किती वीज लागते, सुई किती तासांनी बदलावी लागते. हे तुमच्या वहीतले आकडे नकोत, बाहेरच्या प्रयोगशाळेचे हवेत. घाटकोपरची बीट्रा ही वस्त्र-संशोधन संस्था धाग्याच्या आणि जाळ्याच्या ताकदीची चाचणी करते. पाण्यातली चाचणी हंगामातच घ्यावी लागेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण तेव्हाच खलाशी घरी बसून जाळी दुरुस्त करतात. त्यांच्या हातात तुकडा द्या, ते आस ओढून दोन मिनिटांत खरं सांगतील. आणि यंत्र एक अख्खा पावसाळा चालवून वीज किती वेळा गेली, गंज कुठे धरला, त्याची तारीखवार नोंद ठेवा.

शेवटी गणपतीला येणारे चाकरमानी. ‘आपल्या पोराचं यंत्र आहे, प्रत्येकी पन्नास हजार काढू’ म्हणत मंडळाच्या बैठकीत वर्गणी सुरू होते. मन चांगलं असलं तरी ते बेकायदा ठरू शकतं. प्रायव्हेट कंपनीला लोकांना जाहीर आवाहन करून शेअर विकता येत नाहीत, आणि ठेवी घेण्यावरही कडक बंधनं आहेत. रस्ता आहे तो २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ४२ चा. आधी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि सभासदांचा विशेष ठराव. मग ठरावीक माणसांना, आर्थिक वर्षात जास्तीत जास्त दोनशे जणांना, नावानिशी पास-४ हे प्रस्तावपत्र. पैसे बँकेतूनच आणि वेगळ्या खात्यात घ्यायचे, रोख नाही. डीपीआयआयटी मान्यता असेल तर एकाच माणसाकडून एकरकमी २५ लाख किंवा जास्त रूपांतरणीय नोटवरही (पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाच्या कागदावर) घेता येतात, त्याचे शेअर दहा वर्षांच्या आत करायचे किंवा पैसे परत द्यायचे. नव्या शेअरवर पूर्वी लागणारा ‘एंजल टॅक्स’ कर-आकारणी वर्ष २०२५-२६ पासून गेला आहे.

पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत करायचे. वाटल्यावर १५ दिवसांत, शेअर वाटल्याची माहिती देणारा पास-३ फॉर्म भरायचा. तोवर त्या खात्यातल्या पैशाला हात लावता येत नाही, अगदी सुयांच्या ऑर्डरचा अॅडव्हान्स द्यायलासुद्धा नाही.