कॅटलियाची मुळे आणि मुंबईची हवा

प्रदर्शनात कॅटलियाचे तळहाताएवढे जांभळे फूल पाहून हौसेने घरी आणलेले रोप पहिल्याच पावसाळ्यात कुजून जाते आणि त्याचा दोष मुंबईच्या उकाड्याला दिला जातो, हा अनुभव अनेकांचा आहे, माझाही होता. मात्र मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातून आलेले हे ऑर्किड दुपारचे ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान सहज सोसते. त्याला सोसत नाही ती मुळांभोवती साचून राहिलेली ओल.

याचे कारण त्याच्या राहणीत आहे. कॅटलिया झाडांच्या फांद्यांवर वाढते, पण म्हणून ती बांडगूळ नव्हे. बांडगूळ आपली शोषकमुळे फांदीत खुपसून झाडाचे पाणी पळवते. कॅटलिया, किंवा आपल्या सह्याद्रीतील सीतेची वेणी, झाडाचा उपयोग केवळ बसायला करते. पाणी पावसाचे आणि दवाचे, अन्नद्रव्ये सालीच्या फटीत अडकलेल्या पाचोळ्याची, एवढ्यावर तिचा संसार चालतो.

अशा ठिकाणी सर आली की मूळ क्षणभर भिजते आणि वारा सुटला की वाळते. त्या क्षणभरात शक्य तेवढे पाणी टिपून घेण्यासाठी मुळावर मृत, पोकळ पेशींचे अनेक थर असलेले एक आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते कोरडे असताना पेशींत हवा भरलेली असल्याने मूळ चंदेरी पांढरे दिसते. पाणी लागताच पेशी भरतात, आवरण पारदर्शक होते आणि आतील हरितद्रव्य दिसू लागून मूळ हिरवे होते. पाणी कधी घालावे हे सांगणारा याहून चांगला मापक मला माहीत नाही: मूळ हिरवे असेल तर थांबावे, पांढरे झाले की भरपूर पाणी घालून ते पूर्ण निथळू द्यावे. हेच आवरण दिवसेंदिवस ओले राहिले, तर आतील जिवंत पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि बुरशीला आयती वाट मिळते. १९व्या शतकात इंग्लंडमधील हौशी लोकांनी बंद, वाफाळत्या काचगृहांत कितीतरी ऑर्किडे मारली. चॅट्सवर्थच्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांच्यासारख्यांनी हवा खेळती ठेवली, तेव्हा कुठे ती जगू लागली.

मुंबईत ४ महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवाही दमट राहते, त्यामुळे येथे खरे कौशल्य रोप वाळवण्याचे आहे. मातीत ते कधीही लावू नये. बाजूंना भोके असलेल्या मातीच्या कुंडीत लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि थोडे नारळाचे सोडण एवढे पुरते. सोडण जास्त झाले, तर पावसाळ्यात ते स्पंजासारखे पाणी धरून बसते. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, परंतु वाऱ्याच्या वाटेवर टांगावी, आणि वारा पडला असेल तर पंखा मंद गतीने चालू ठेवण्यात काहीही संकोच नसावा. कोंब बुडाशी काळा पडू लागल्यास निरोगी भागापर्यंत कापून टाकावा, मात्र पाते आधी ज्योतीवर तापवून घ्यावे, कारण विषाणू पात्यावरूनच एका रोपातून दुसऱ्यात जातात. पाण्याच्या गुणवत्तेबाबत मात्र मुंबईकर भाग्यवान आहे. तानसा, वैतरणा, भातसा येथून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्षार कमी असतात. बोअरवेलचे पाणी टाळावे.

रात्रीचाही विचार करावा लागतो. कॅटलिया दिवसा पर्णरंध्रे मिटून पाणी वाचवते आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेते. हा वायू मॅलिक अम्लाच्या रूपात साठतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात त्यापासून साखर तयार होते. रात्र थंड असेल तर हा साठा चांगला होतो, उबदार रात्री श्वसनातच बरेच काही खर्च होते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत रोप खोलीत न कोंडता गॅलरीतच ठेवावे.

प्रकाशाची परीक्षा पानावरून होते. गडद हिरवे पान सुंदर दिसते, पण ते प्रकाश अपुरा असल्याची खूण असून असे रोप सहसा फुलत नाही. पान पोपटी हवे. पूर्वेची खिडकी उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी पान हाताला तापलेले लागले, तर हिरवी जाळी बांधावी.

प्रत्येक नवा कोंब फुगून आभासी कंद बनतो आणि त्याच्या टोकाशी, पानाच्या बुडातील चपट्या आवरणातून कळ्या येतात. फूल २ ते ३ आठवडे टिकते. तो कंद पुन्हा फुलत नाही, तरी त्याला कापू नये, कारण त्यातील पाणी आणि अन्न पुढच्या कोंबाला पुरवले जाते.