बसलेली गाडी, उचललेली गाडी

जुनी जीप एका बाजूने खाली आली की गॅरेजात एवढेच म्हणतात, "बसली." हौस म्हणून उंची वाढवणे खूप नंतर आले. मुळातले काम बसलेल्या गाडीला तिच्या जागेवर आणण्याचे.

जीपचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या कमानदार स्प्रिंग, घोडागाडीकडून आले. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियटने १८०४ साली लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्येही पाटेच होते आणि ते ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याच्या, खाली बांधलेले. १९४० च्या दशकाअखेरीस महिंद्रने मुंबईत हीच जीप जोडायला घेतली, तेव्हा पाटेही सोबत आले. पाटे बसले की ते कमान-पाटेवाल्याकडे जात. तो सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे करी आणि ठोकून कमान पुन्हा चढवी, नाहीतर एखादा पाटा वाढवी. नुसती थंड ठोकलेली कमान फार टिकत नाही; तापवून पाणी नीट दिलेली टिकते.

लँड रोव्हरच्या जुन्या सीरीज गाड्यांत चालकाच्या बाजूचे पाटे वेगळे असत, कारण त्या बाजूला वजन जास्त. डावे-उजवे अदलाबदल झाले की गाडी कलते आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

पुढे उंचीची हौस आली. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक गाडीच्या चॅसीला (सांगाड्याला) जोडणारी कडी, हा स्वस्तातला उपाय, पण शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलते, शिवाय पुढच्या ॲक्सलचा कोन बिघडून स्टिअरिंग भरकटते. पाटे ॲक्सलच्या वर घेतले की उंची बरीच मिळते. मात्र जोर लावला की ॲक्सल पिळतो आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात.

खरा बदल टॉर्शन बारने केला. १९८२ ची मित्सुबिशी पजेरो, ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली टोयोटा हायलक्स आणि आपल्याकडे २०१० ची थार, या सगळ्यांच्या पुढच्या बाजूला पोलादी दांडा पीळ घेत स्प्रिंगचे काम करतो. दांड्याचे एक टोक चाक धरणाऱ्या आर्मला, दुसरे चॅसीत एका बोल्टवर टेकलेले. आता लोहाराची गरज उरली नाही, पाना पुरला. बोल्ट आवळला की गाडी वर येते.

इथेच गैरसमज शिरला. बोल्ट आवळल्याने दांडा कडक होत नाही. कडकपणा ठरतो त्याच्या जाडीवर आणि लांबीवर. बदलते फक्त आर्मची बसण्याची जागा. म्हणजे वर मिळवलेला इंच चाकाच्या खाली जाण्याच्या वाटेतून वजा होतो. खड्ड्यात चाक लटकले की आर्म रबरी बंपवर आदळतो आणि मालक म्हणतो, "सस्पेन्शन कडक झालं." चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरतात, टायर एका बाजूने झिजतात. बोल्ट दिला होता तो कारखान्यातला बारीक फरक आणि वयाने आलेली बैठक काढण्यासाठी.

म्हणून जुने मिस्त्री आधी टायरची हवा बघतात, सपाट जागेवर चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत माप घेतात, गाडी जॅकवर घेऊन बोल्टवरचा भार काढतात आणि दोन्ही बाजूंचे फेरे मोजूनच फिरवतात. मग गाडी खाली सोडून थोडी मागे-पुढे चालवायची, पुन्हा मोजायचे, शेवटी अलाइनमेंट. गाडी न चालवता घेतलेले माप हमखास फसवते, कारण जॅकवरून उतरलेली चाके आत ओढलेली असतात.

रेंज रोव्हरने १९९२ मध्ये हवेच्या स्प्रिंग आणल्या आणि उंची बटणावर आली. पण त्यांची रबरी पिशवी म्हातारी झाली की हवा सुटते आणि रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली दिसते. कित्येकांनी ती काढून साध्या कॉइल स्प्रिंग लावल्या.

२०२० च्या नव्या थारलाही पुढे-मागे कॉइल स्प्रिंगच आहेत. तिच्याखाली वाकून तो बोल्ट शोधू नका. उंची हवी तर स्प्रिंगच बदलावी लागते.