गजवाद्ये

ताणलेल्या तंतूवर गज (केस ताणून बसवलेली काठी) फिरवून ज्यांचा नाद लांबवता येतो अशी तंतुवाद्ये. सारंगी, दिलरुबा, व्हायोलिन आणि किनवट परिसरातील प्रधान जमातीच्या गायकांची तीन तारांची किंगरी ही त्यांची परिचित उदाहरणे.

नादनिर्मिती : गजाचे केस तारेला पकडून सोबत ओढत नेतात. ताण पकडीपेक्षा वाढला की तार निसटते आणि पुन्हा पकडीत सापडते. सेकंदाला ४४० कंपनांच्या स्वरात ही पकड-निसट ४४० वेळा घडते. डोळ्यांना तार मधे फुगलेली दिसते. प्रत्यक्षात तिच्यात एकच टोकदार कोन असतो आणि तो घोडीपासून (तारेखालच्या आधारपट्टीपासून) बोटापर्यंत व परत धावत राहतो. हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६० च्या सुमारास दाखवले. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ चं. वें. रामन यांनी १९१८ मध्ये त्याची यांत्रिक उपपत्ती मांडली. हा कोन गजाखालून जातानाच पकड सुटते किंवा बसते. म्हणून स्वराची उंची ठरते ती तारेची लांबी, ताण आणि वजन यांवरून. गज वेगाने ओढला तर नाद मोठा होतो, स्वर चढत नाही. दाब कमी पडला तर पुसट शीळ, जास्त झाला तर करकर. तारेचे कंपन घोडीतून खाली उतरते. सारंगीत घोडी कातड्यावर टेकलेली असल्याने ते कातडे घुमते आणि तरफांनाही (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांनाही) जाग येते.

केसांवरील खवल्यांत तार अडकते, ही जुनी समजूत टिकत नाही. राळ (झाडाच्या चिकापासूनचा पदार्थ) न लावलेला कोरा गज सारंगीवर नुसती खसखस करतो. राळ स्थिर तारेला घट्ट धरते, पण तार घसरू लागताच तिची पकड ढिली पडते. सगळा नाद या फरकावर उभा आहे.

उगम : गजाचा उगम मध्य आशियात, साधारण नवव्या-दहाव्या शतकांत झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रावणहत्थ्याचा संबंध रावणाशी जोडणारी कथा लोकप्रिय असली, तरी तिला प्राचीन ग्रंथाधार नाही. भारतीय पुराव्यांत यादवांची राजधानी देवगिरी हिचे स्थान मोठे आहे. यादव राजा सिंघण (कार. सु. १२१०–४७) याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त पिनाकी वीणेचे वर्णन केले आहे. तिच्या वादनासाठी घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले धनुष्य आणि राळ सांगितली आहे. यांतला राळेचा उल्लेख निर्णायक मानावा. केस एकवेळ तंतू म्हणूनही वापरता येतात. धनुष्याच्या केसांना राळ मात्र घर्षणासाठीच लावली जाते. ‘निःशंक’ हे शार्ङ्गदेवाचे बिरुद. त्याच नावाची वीणाही त्याने वर्णिली आहे.

त्याच ग्रंथातील किन्नरी हे छेडून वाजवायचे, पडद्यांचे (स्वरस्थाने दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) वाद्य आहे. तेव्हा किन्नरी आणि किंगरी ही नावे जवळची असली, तरी तेवढ्यावरून ही दोन वाद्ये एक ठरवता येत नाहीत. प्रधान गायक किंगरीच्या साथीने गोंड यजमानांच्या कुळकथा गातात.