शॅडोसॉक्स (कूटबद्ध प्रॉक्सी)

शॅडोसॉक्स : इंटरनेटवरची नाकेबंदी ओलांडण्यासाठी चीनमध्ये तयार झालेली कूटबद्ध प्रॉक्सीची पद्धत. वापरकर्त्याचा संगणक आणि त्याला पाहायचे संकेतस्थळ यांच्यामध्ये तिसरा संगणक, म्हणजे प्रॉक्सी सर्व्हर, उभा केलेला असतो. त्या सर्व्हरपर्यंतची सगळी वाहतूक अशी झाकलेली असते की वाटेत तपासणी करणाऱ्याला मजकूर वाचता येत नाही आणि ती शेवटी कुठे जाणार आहे हेही कळत नाही. ‘क्लोविंडी’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका चिनी प्रोग्रामरने २०१२ मध्ये तिची पहिली आवृत्ती पायथन भाषेत लिहून सर्वांसाठी खुली केली. कूटबद्ध प्रॉक्सी कशी चालते आणि कुठे अडते हे समजून घ्यायला शॅडोसॉक्ससारखे उदाहरण नाही, कारण तिची रचना उघड आहे आणि तिला पकडण्याच्या युक्त्याही संशोधकांनी बारकाईने नोंदवून ठेवल्या आहेत.

साधी प्रॉक्सी त्याआधीही होतीच. कार्यालयात सगळ्यांचे इंटरनेट एकाच दारातून जावे म्हणून ती लावत; विद्यापीठाने वर्गणी भरलेली संशोधनपत्रे घरून वाचता यावीत म्हणून ग्रंथालये आजही ती वापरतात. अशा प्रॉक्सींसाठीचा सॉक्स हा नियमसंच सर्वत्र रुळलेला आहे; त्याची पाचवी आवृत्ती मार्च १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. सॉक्समध्ये स्वतःचे एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कूटबद्ध करण्याची सोय, नाही. अमक्या स्थळाशी जोडून दे, हे संगणक प्रॉक्सीला उघड उघड सांगतो आणि मधला कोणीही ते ऐकू शकतो.

एचटीटीपीएस, म्हणजे संकेतस्थळाशी कूटबद्ध जोडणी करण्याची पद्धत, आल्यावर पानावरचा मजकूर झाकला गेला, पण जोडणीच्या पहिल्याच संदेशात स्थळाचे नाव बहुधा उघडेच जाते. चीनची राष्ट्रीय फायरवॉल, म्हणजे इंटरनेटची वाहतूक तपासून अडवणारी यंत्रणा, हे नाव वाचून जोडणी तोडते. स्थळाचा पत्ता विचारला तर खोटा आयपी पत्ता (संगणकाचा आकडी पत्ता) परत देणे, काही पत्ते सरसकट बंद करणे हेही ती करते. एप्रिल २०१९ पासून विकिपीडियाच्या सर्व भाषांतल्या आवृत्त्या तिथे बंद आहेत. त्यांत मराठी विकिपीडियाही आला.

कार्यपद्धती

शॅडोसॉक्सने सॉक्स प्रॉक्सीचे दोन भाग केले. पहिला भाग, क्लायंट, वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर किंवा फोनवर चालतो, बहुधा १०८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्रातल्या जोडणीच्या दारावर. ब्राउझर त्याच्याशी साध्या सॉक्समध्ये बोलतो. ते बोलणे यंत्राबाहेर पडतच नाही. दुसरा भाग परदेशात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर असतो. दोघांना एकच पासवर्ड आधीपासून ठाऊक असतो.

शांघायमधल्या एखाद्या मराठी वाचकाने मराठी विकिपीडिया उघडला असे समजू. रोमन लिपीतला त्याचा पत्ता ‘एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी’ ठिपके धरून १६ अक्षरांचा आहे. क्लायंट आधी एक छोटी चिठ्ठी तयार करतो. पहिला बाइट ३, म्हणजे पुढे नाव येते आहे. दुसरा १६, म्हणजे त्या नावाची लांबी. मग नावाचे १६ बाइट आणि शेवटी ४४३ या पोर्ट क्रमांकाचे दोन. एकूण २० बाइट. पुढे ब्राउझरचा स्वतःचा मजकूर जोडला जातो. एईएस-२५६ ही कूटबद्ध करण्याची पद्धत निवडली असेल तर क्लायंट प्रत्येक जोडणीला ३२ बाइटांची एक नवी यादृच्छिक संख्या काढतो आणि पासवर्डसह तिच्यातून त्या जोडणीपुरती किल्ली बनवतो. ती संख्या उघडीच पाठवली जाते, कारण पासवर्ड नसेल तर तिचा काही उपयोग नाही. त्यामागून मजकुराची लांबी आणि मजकूर हे दोन्ही कूटबद्ध होऊन जातात, आणि प्रत्येकामागे १६ बाइटांची मोहर असते. वाटेत एक बिट जरी बदलला तरी मोहर जुळत नाही आणि सर्व्हर तो तुकडा टाकून देतो. मोहरेची ही व्यवस्था २०१७ मध्ये आली. त्याआधी सर्व्हर बदललेला मजकूरही निमूटपणे उलगडत असे.

सर्व्हर चिठ्ठी उलगडतो, विकिपीडियाशी स्वतः जोडणी करतो आणि दोन्हीकडचा मजकूर पोहोचवत राहतो. स्थळाचा आयपी पत्ता शोधण्याचे कामही तोच करतो, म्हणून चीनमधले खोटे पत्ते आड येत नाहीत. यात नमस्कार-चमत्कार काही नाही. दोन टोकांची ओळखपरेड नाही, आवृत्तीचा क्रमांक नाही, कोणतीही ठरावीक खूण नाही. पाहणाऱ्याला पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत नुसते यादृच्छिक आकडे दिसतात.

ओळख आणि नाकेबंदी

कसलीच खूण नसणे हीच शेवटी तिची खूण ठरली, आणि माझ्या मते तिच्या इतिहासातला सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच आहे. चिनी फायरवॉल आधी पहिल्या पाकिटाची (एका वेळी जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्याची) लांबी आणि त्यातली यादृच्छिकता पाहून संशय धरते आणि मग त्या सर्व्हरवर स्वतः चौकशी पाठवते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवून दिले गेले. चौकशा हजारो वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून येत. कधी खऱ्या वापरकर्त्याचे पकडलेले पाकीट जसेच्या तसे पुन्हा पाठवले जाई, कधी नुसता कचरा. मोहर नसलेल्या जुन्या पद्धतीचा सर्व्हर तो कचराही उलगडायला जाई. चिठ्ठीतला पहिला बाइट १, ३ किंवा ४ निघाला नाही तर तो तिथल्या तिथे जोडणी तोडी, आणि किती बाइटांनंतर तोडली यावरूनच तो उघडा पडे. उपाय असे निघाले : चुकीचा मजकूर आला तरी गप्प राहून वाचत राहायचे, आणि एकदा आलेली यादृच्छिक संख्या पुन्हा आली तर ती स्वीकारायची नाही.

नोव्हेंबर २०२१ पासून फायरवॉलने चौकशीशिवायच अडवायला सुरुवात केली. खऱ्या यादृच्छिक बाइटात आठपैकी सरासरी चार बिट १ असतात. पहिल्या पाकिटात ही सरासरी ३.४ पेक्षा जास्त आणि ४.६ पेक्षा कमी असेल, सुरुवातीला किंवा आत वाचता येण्याजोगी अक्षरे पुरेशी नसतील आणि ते पाकीट साध्या संकेतस्थळांच्या एचटीटीपीसारखे किंवा एचटीटीपीएसमागच्या टीएलएससारखेही दिसत नसेल, तर जोडणी संशयित. यावर सुचलेला एक तोडगा फार साधा होता : पाकिटाचे पहिले सहा बाइट छापील अक्षरांसारखे दिसतील असे करायचे. ट्रोजनसारख्या पुढच्या पद्धतींनी निराळी वाट धरली. त्या सामान्य एचटीटीपीएस असल्याचे भासवतात आणि पासवर्डविना आलेल्याला नेहमीचे संकेतस्थळ दाखवतात.

उपयोग आणि मर्यादा

ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी गाठल्याचे सांगून क्लोविंडीने काम थांबवले आणि गिटहब या संहिता ठेवण्याच्या संकेतस्थळावरची संहिता काढून टाकली. पण तिच्या प्रती तोवर सर्वत्र पोहोचल्या होत्या. सी, गो आणि रस्ट भाषांतल्या आवृत्त्या इतरांनी पुढे चालवल्या. अल्फाबेट समूहातल्या जिगसॉने २०१८ मध्ये आणलेले आउटलाइन हे साधन शॅडोसॉक्सवरच उभे आहे. वृत्तसंस्थांना आपापला सर्व्हर सहज चालवता यावा हा त्यामागचा हेतू. याच जातीची इतर साधनेही आहेत : इराणने जानेवारी २०२१ मध्ये सिग्नल हे संदेशांचे ॲप बंद केल्यावर सिग्नलने कोणालाही चालवता येईल अशी प्रॉक्सी दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनेही प्रॉक्सीची सोय केली.

शॅडोसॉक्स म्हणजे व्हीपीएन (आभासी खासगी जाळे) नव्हे. व्हीपीएन बहुधा यंत्रातली सगळी वाहतूक उचलते. प्रॉक्सी मात्र तिच्याकडे सोपवलेल्या ॲपचीच. वापरकर्त्याला निनावी करणे हा तिचा उद्देशच नव्हता. कोण कुठल्या स्थळावर जातो हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसते, त्यामुळे अनोळखी माणसाची फुकटची प्रॉक्सी वापरणे धोक्याचे. दुसरा दोष रचनेतलाच आहे : सगळ्या किल्ल्या एकाच पासवर्डमधून निघतात. म्हणून तो आज फुटला तर कोणी साठवून ठेवलेली जुनी वाहतूकही उलगडता येते. ज्याच्या जिवावर बेतू शकते त्याने हे आधी लक्षात घ्यावे.

चीनमध्ये अशा सेवा विकणे गुन्हा ठरतो. डिसेंबर २०१७ मध्ये ग्वांगशीतल्या एका व्हीपीएन विक्रेत्याला साडेपाच वर्षांची कैद झाली. भारतात व्हीपीएन किंवा प्रॉक्सीवर देशव्यापी बंदी नाही. मात्र सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता आणि आयपी पत्ते किमान पाच वर्षे जपून ठेवायचे असतात. भाड्याने आभासी सर्व्हर देणारेही त्यात येतात, त्यामुळे मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर घेऊन शॅडोसॉक्स चालवणाऱ्याची नोंद त्या कंपनीकडे असते.