१४ एप्रिल (मुंबई)

१४ एप्रिल हा ग्रेगोरियन वर्षातील १०४वा दिवस (लीप वर्षात १०५वा). मुंबईच्या दृष्टीने या तारखेला दोन गोष्टी प्रमुख ठरतात: डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आणि १९४४ साली व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट. पहिली शहराच्या कानाकोपऱ्यात साजरी होते. दुसरीची आठवण अग्निशमन दल नेमाने ठेवते, बाकी शहर क्वचितच.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूचा, पण त्यांची जडणघडण मुंबईतली. परळची चाळ, एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज, सिडनहॅममधील प्राध्यापकी आणि दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह असा तो प्रवास आहे. जयंती खरे तर १३ तारखेच्या रात्रीच सुरू होते. बाराच्या ठोक्याला चाळींच्या पटांगणात केक कापला जातो, फटाके वाजतात, ‘जय भीम’चा गजर होतो. सकाळी पंचशील ध्वज चढतो. पांढऱ्या कपड्यांत सहकुटुंब बुद्धवंदना होते, आणि संध्याकाळी निळ्या झेंड्यांची मिरवणूक भीमगीतांवर रात्रीपर्यंत रेंगाळते. या दिवशी चैत्यभूमीवरही रांगा लागतात, मात्र तिथला महासागर ६ डिसेंबरचा. जयंती ही मुख्यतः आपापल्या वस्तीतच रंगते. शिवजयंतीसारखा तिथी की तारीख हा वाद इथे कधी उभा राहिला नाही.

१९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी मुंबईची गोदी उडाली.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत धक्क्याला लागले. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, खोक्यांत भरलेली स्पिटफायर विमाने आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यात कापसाच्या गासड्या, वंगणाचे तेल, लाकूड आणि सुकी मासळीही चढली. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात, हे ऐकूनच पुढचे कळते. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या फाळक्यातून, म्हणजे जहाजातील माल भरण्याच्या कप्प्यातून, धूर दिसला. बंबवाल्यांनी सुमारे दोन तास पाण्याचा मारा केला. फाळक्यातल्या पाण्याला उकळी फुटली, तरी आगीचे मूळ हाती लागेना. चारला दहा मिनिटे कमी असताना जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्यांच्या धक्क्याची नोंद थेट सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली.

जळते बोळे आणि तापलेले लोखंड लगतच्या वखारींवर, दाट वस्तीवर कोसळले. एक सोन्याची वीट तर दूरवरच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली. शेजारची जहाजे बुडाली, धान्याचे आणि मालाचे साठे राख झाले, हजारो माणसे एका संध्याकाळीत बेघर आणि बेरोजगार झाली. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना गेले. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, ढिगारे उपसायला सात महिने. युद्धकाळच्या सेन्सॉरमुळे बातमीदारांना सविस्तर वृत्त बाहेर पाठवायला मे उजाडावा लागला. तोवर जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती जगाला सांगून टाकली होती. गोदीतला गाळ काढताना सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षांनीही सापडल्या.

या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि २० तारखेपर्यंत सप्ताह चालतो. भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदना होते.

बाकी नोंदी थोडक्यात. पार्श्वगायिका शमशाद बेगम यांचा जन्म १९१९ चा. त्यांचे २०१३ साली मुंबईतच निधन झाले. सरोदवादक अली अकबर खाँ १९२२ चे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९६२ साली याच तारखेला गेले. कारकिर्दीच्या सुरुवातीला ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अभियंता होते. अब्राहम लिंकन यांच्यावर १८६५ मध्ये याच दिवशी गोळी झाडली गेली. १९१२ साली याच रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळली. मराठी दिनविशेषाच्या चौकटीत तिला हमखास जागा मिळते. मुंबईच्या स्वतःच्या धक्क्यावर फुटलेल्या जहाजाला तितक्याच हमखास मिळायला हरकत नाही.

पंचांगाच्या हिशेबाने सूर्य साधारण याच सुमारास मेष राशीत येतो. म्हणून माटुंग्याच्या तमिळ घरांत पुथांडू, मल्याळी घरांत विषू आणि शीख वस्त्यांत बैसाखी याच आसपास येतात. एखाद्या वर्षी त्या दिवसभराने पुढेमागे सरकतात.