जांघेतील वस्तऱ्याची जळजळ

जांघ व जननांगालगतचे केस वस्तऱ्याने किंवा रेझरने काढल्यावर कातडी लाल होऊन झोंबते, खाजते आणि बारीक पुटकुळ्या येतात, तो त्रास. पार्लरमध्ये या भागाला ‘बिकिनी लाइन’ म्हणतात. मराठवाड्यातल्या घरांत मात्र ‘खालचे केस’ एवढ्यावर बोलणे आटोपते, तेही बायकाबायकांत.

नुसती जळजळ काही मिनिटांत किंवा तासांत सुरू होते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत निवते. पुटकुळ्या नंतर उठतात. इथले केस जाड व कुरळे असतात. पात्याने टोकदार झालेला केस वाढताना वळतो आणि पुन्हा कातडीतच शिरतो. कातडी ताणून, केसांच्या उलट्या दिशेने रेझर ओढला तर केस पृष्ठभागाच्या खाली कापला जातो, मग हे जास्त होते. केसाच्या मुळाशी जंतू शिरले की पू धरतो. ते केसतूड, ते ठणकते.

मराठवाड्यात यात पाण्याचाही हात आहे. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. साबण फेस धरत नाही, बोटांना नुसता चिकट साका लागतो आणि पाते कोरडेच ओढले जाते. टँकरच्या दिवसांत तर रेझर धुवायलाही हात आखडतो, पात्यांमध्ये जुने केस तसेच अडकून राहतात. तेवढ्यापुरते जारचे तांब्याभर पाणी घेतलेले परवडते. आधी कात्रीने केस बारीक करावेत, कोमट पाण्याने मऊ होऊ द्यावेत, जेल लावून नव्या पात्याने केसांच्या दिशेने हलका हात फिरवावा. रेझर ज्याचा त्याचा वेगळा.

आग होत असेल तर गार पाण्याची घडी ठेवावी, सैल सुती कपडे घालावेत आणि कातडी पूर्ववत होईपर्यंत पुन्हा पाते लावू नये. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात घट्ट लेगिंग घातली की घामाने जखम चिघळते. कोरफडीचा गर काहींना मानवतो. आधी हातावर लावून पाहावा. दाढीनंतर फिरवतात तो तुरटीचा खडा, लिंबू, डिओ इथे नकोत, नुसती आग आग होते. आत वळलेला केस सुईने उकरला तर सावळ्या कातडीवर बहुधा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

खरा घोटाळा मेडिकलवर होतो. लाजेने कोणी दाखवत नाही, ‘खाजेचं मलम’ एवढेच मागितले जाते आणि हातात पडते स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. खाज मुळात जांघेतल्या नायट्याची असेल, तर तो तिने दबल्यासारखा वाटतो पण पसरतच जातो. कातडीही पातळ होते. नायट्याची कड उठावदार, गोलसर असते व तो पसरत जातो; वस्तऱ्याची पुरळ केसांच्या मुळाशी ठिपक्याठिपक्यांनी असते. ताप, वाढती गाठ किंवा पू असेल, अथवा मधुमेह असेल तर डॉक्टरांनाच दाखवावे. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत.

आरोग्यासाठी हे केस काढण्याची गरज नसते. बाळंतपणाआधी सरसकट केस काढण्याची दवाखान्यांतली जुनी रीतही जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या प्रसूतिविषयक शिफारशींत नाकारली आहे. काढायचेच असतील तर ट्रिमरने बारीक ठेवलेले केस सहसा कातडीत वळत नाहीत.